मखरातला वूफर

आमच्या घरात धड कानांची एकच जोडी आहे, आणि ती माझी आहे. बाकीच्यांनाही कान आहेत, पण ते बाळ्या घालण्यापुरते आणि शेजारचं भांडण ऐकण्यापुरते. सगळ्या अमरावतीचं असंच आहे म्हणा! मोबाईल स्टीलच्या ग्लासात उभा करतात, गाणं लावतात आणि वर मलाच विचारतात, "काय आवाज आहे, नाई?" अरे, तो आवाज नाही, ग्लास आहे!

मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे आवाजातलं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. (तरी इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांनी शिकवलंच.) कॉम्प्युटरमधून सरळ निघणारा आवाज मचूळ असतो, हे त्यांच्याकडून कळलं आणि माझी झोप उडाली. मग कॉम्प्युटरला आवाज गाळणारी एक डबी जोडली. डबीला अॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायरला दोन स्पीकर, स्पीकरला बोटाएवढी जाड वायर. एवढं झाल्यावर गाण्याच्या मागून "घूंऽऽ" असा नवाच आवाज यायला लागला. अर्थिंग बरोबर नाही म्हणून अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरला. घूं कायम राहिलं, शोभाचा मोगरा तेवढा मेला.

शोभा म्हणजे माझी बायको. प्रत्येक सुधारणेनंतर मी तिला दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध खुर्चीवर बसवायचो.

"डोये मीट. तबलजीच्या बोटातली अंगठी ऐकू येते का?"

"नाई."

"ध्यान देऊन ऐक ना!"

"अवो, तुमच्या ह्या गोंधळात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊन नाई रायल्या मले, आन् तुमी अंगठी काय घेऊन बसले!"

गाढवापुढे वाचली गीता, असं मी म्हणालो. (मनात. मोठ्यानं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.)

शेवटी मी वूफर आणला. ढोलक, पखवाज यांचा खालचा, पोटात घुमणारा आवाज काढणारा हा भला मोठा काळा डबा. तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मला मोक्ष मिळाल्यासारखं वाटायचं. तेवढ्यात त्या कोपऱ्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हक्क आला, आणि तो साक्षात महालक्ष्म्यांचा!

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या (तुमच्याकडच्या गौरी) अकोल्याला मोठ्या भावाकडे बसायच्या. यंदा वहिनींचे गुडघे पार गेले, म्हणून घराण्यात सगळ्यांत मोठ्या असलेल्या तिवस्याच्या आत्याबाईंनी निकाल दिला, "या साली शोभाच्या घरी बसू द्या." शोभा लग्न होऊन आली तेव्हापासून या एका गोष्टीची वाट पाहत होती. ती आनंदानं रडलीच. वहिनी मात्र मुखवटे हातात देताना म्हणाल्या, "न्या बापा. पण देवीचं काही कमी-जास्त झालं, तं पुढच्या साली मुकाट्यानं अकोल्याले परत."

शोभानं घर डोक्यावर घेतलं. पुरण, आंबील, सोळा भाज्या, फुलोरा, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा सोडली नाही. मला एकच काम सांगितलं.

"तो काया डबा कोपऱ्यातून हालवा. तिथं मखर येते."

"अवो, वूफर कोपऱ्यातच लागते! त्याचं शास्त्र आहे."

"महालक्ष्मीचं बी शास्त्र आहे. हालवा!"

आता हिला काय सांगणार? माझ्या डोक्यात तर वेगळंच शिजत होतं. दरवर्षी अकोल्याला आरतीला जो बेसूर गलका होतो, तो ऐकून देवी येते तरी कशी, हेच मला कोडं आहे. भाऊ एका पट्टीत, वहिनी दुसऱ्या पट्टीत, आणि आत्याबाईंना तर पट्टीच नाही. या वर्षी मी पखवाजासकट रेकॉर्ड केलेली अस्सल आरती कॉम्प्युटरवरून लावणार होतो. एकदा तरी या खानदानाला आवाज म्हणजे काय ते कळू दे! आणि वूफरशिवाय पखवाज म्हणजे डालड्याचा डबा.

म्हणून शोभा बाजारात गेल्यावर मी वूफर सरकवला तो मखराच्या टेबलाएवढ्या उंच पाटाखाली, भरजरी साडीच्या पडद्यामागे. कोपरा तोच, दिसायला मात्र काही नाही. वर पत्र्याच्या दोन पोकळ कोठ्या, त्यांना नेसवलेली पातळं, आणि कोठीच्या गळ्यावर नुसते टेकवलेले पितळी मुखवटे. पोकळ पत्रा आणि त्याखाली घुमणारा आवाज एकत्र आले की काय होतं, हे मी दरवर्षी वर्गात छाती पुढे काढून शिकवतो. पत्राही त्याच सुरात थरथरतो, त्याला अनुनाद म्हणतात. परीक्षेत हमखास येतो. माझ्या डोक्यात मात्र आला नाही!

पूजेच्या दिवशी हॉल गच्च भरला. आरती लावली. अकोल्याहून आलेल्या वहिनींनी तबक हातात घेतलं आणि पहिल्याच ओळीला सगळ्यांनी रेकॉर्डवर कडी करून बेंबीच्या देठापासून ओरडायला सुरुवात केली. माझा पखवाज बुडाला! मला राग आला. मी आवाज वाढवला. ते आणखी ओरडले. मी आणखी वाढवला. पाटावरच्या समया किणकिणायला लागल्या, करंज्या ताटात सरकायला लागल्या, आणि दोघींतल्या थोरलीचा, ज्येष्ठेचा मुखवटा हळूहळू... हळूहळू... उजवीकडे वळला आणि थेट वहिनींकडे पाहत थांबला.

आरती बंद पडली. रेकॉर्ड तेवढी चालू होती, तीही मी घाईघाईनं बंद केली.

"माय वो!" वहिनी किंचाळल्या. "मायाकडे पाह्यलं वो देवीनं! तिले करमून नाई रायलं इथं. अकोल्याले येतो म्हनते!"

"खरंच वो बाई! मी माह्या डोयानं पाह्यलं," कोणीतरी दुजोरा दिला. (अशा वेळी एकीचे डोळे चांगले असले की सगळ्यांचे होतात.)

शोभा स्वयंपाकघराच्या दारात आंबिलीचं पातेलं घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्याबाई, माह्या हातून काय चुकलं?" एवढंच ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. गेले कित्येक दिवस ती धड बसली नव्हती, आणि एका डब्यापायी तिची महालक्ष्मी हातची चालली होती.

"शोभाचं काही चुकलं नाई," मी ओरडलो. "हे देवीनं नाई, वूफरनं केलं! पाटाखाली वूफर आहे!"

मी पडदा वर करून दाखवला. शोभानं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की त्यापेक्षा देवीचा कोप परवडला.

"वा भाऊजी!" वहिनी कडाडल्या. "बायकोची बाजू घ्याची म्हनून देवीचं डब्यावर ढकलता काय? डबा कधी कोनाची मान फिरवते काय?"

"फिरवते वहिनी! त्याले अनुनाद म्हनतात. पाहा, पत्र्याची कोठी..."

"चूप बस, मास्तर," आत्याबाई म्हणाल्या. "लय झाली तुही शिकवनी. डब्यानं फिरते ना? मंग फिरवून दाखव."

मी मुखवटा सरळ करायला हात पुढे केला, तर वहिनींनी तो झटकला, "हात नोका लावू देवीले!" म्हटलं ठीक आहे, तिथूनच दाखवतो. स्पीकर तपासायला कॉम्प्युटरवर एक सलग, खालचा सूर ठेवलेला असतो, तो मी लावला. "घूंऽऽऽऽ!" नैवेद्याच्या ताटातलं पुरण हाललं. शेजारचं कुत्रं केकाटलं. ज्येष्ठा थरथरली, वहिनींवरची नजर काढली आणि आणखी उजवीकडे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून थांबली. दारात शोभा होती.

मी विजयानं वळलो. "पाह्यलं? हेच मी सांगून रायलो होतो! कंपनांमुळे..."

ऐकायला कोणी उभंच नव्हतं. सगळे जमिनीला डोकं टेकून होते.

"झाला निकाल," आत्याबाई उठत म्हणाल्या. "अकोल्याले जाऊन येतो म्हने, पन राह्यन शोभापाशीच. आता दरसाल इथंच."

"अवो आत्याबाई, देवी नाई, अनुनाद..."

"तुमी चूप बसा ना!" हे शोभा म्हणाली, डोळे पुसत, पण दात ओठ खाऊन. मी पडदा खाली सोडला.

वहिनींची समजूत काढायला तिसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवापर्यंत वेळ लागला. निघताना त्या म्हणाल्या, "महालक्ष्म्या ठेवा बापा, देवीच्याच मनात आहे. पन ज्या डब्यातून ती घुमली तो डबा तरी मले द्या."

मी तोंड उघडायच्या आत शोभा म्हणाली, "न्या ना वहिनीबाई! वायर बी न्या."

वूफर अकोल्याला गेला. चार दिवसांनी मी भावाला फोन केला, निदान तिथं तरी कोणी कान देऊन ऐकतंय का ते विचारायला.

"भाऊ, आवाज कसा येते?"

"आवाज?" भाऊ चिडलाच. "त्याले कोन चालू करते गड्या? रोज हळदकुंकू वाहून रायली तुही वहिनी. परवा मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला, तं जेवन नाई भेटलं मले!"

मी उदास होऊन संध्याकाळी वूफरशिवायच एक गाणं लावलं. सगळा प्राण गेलेला, नुसता सांगाडा उरलेला आवाज. शोभा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत पुसत, न सांगता, आपण होऊन मधल्या खुर्चीवर बसली आणि डोळे मिटून तिनं अख्खं गाणं ऐकलं.

"आता कसा साफ येऊन रायला आवाज!" ती म्हणाली. "पहिल्यांदाच सगये शब्द समजले मले. काय सुधारणा केली हो तुमी?"