कोण, कोणास म्हणाले?

आमच्या घरात एक डबी होती. आगपेटीहून थोडी मोठी, लाकडाची, आईच्या माहेरून आलेली. तिच्यात पवित्र शास्त्रातली वचनं, एकेका ओळीची, कागदाच्या बारीक सुरळ्या करून उभी रचलेली. सकाळची प्रार्थना झाली की ज्याने त्याने केसांच्या पिनेने एक सुरळी उचलायची, वाचायची आणि परत गुंडाळून ठेवायची. ते त्या दिवसाचं वचन. एक जानेवारीला उचललेलं ते अख्ख्या वर्षाचं. एकदाच उचलायचं, आवडलं नाही म्हणून दुसरं काढायचं नाही, हा वडिलांचा दंडक होता. शेजारची अक्का, कापूस-बाजरी करणारी, महादेवाला मानणारी, आमचा हा प्रकार बघून म्हणायची, "हाई तं आमना कौलनागत शे." आम्ही देवाला फूल लावून कौल मागतो तसंच हे, असं तिचं म्हणणं. वडिलांना राग यायचा. पण अक्काचं काही चुकत नव्हतं.

आईवडील गेल्यावर डबी थोरल्या भावाकडे राहिली. मी त्याला नुसतं भाऊच म्हणायची. तो नरडाण्याजवळच्या गावात आमच्या जुन्या घरी राहायचा आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत तेलाच्या मिलमध्ये कामाला जायचा. मी धुळ्यात. हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झालेली. जन्मभर पोरांना एकच प्रश्न घातला मी, 'कोण, कोणास म्हणाले? संदर्भासह स्पष्टीकरण द्या.' नुसतं वाक्य ओळखीचं आहे म्हणून कुणाला मार्क दिले नाहीत. पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे.

त्या नाताळाला भाऊने नवे बूट घेतले आणि बूट चावला. एवढंच झालं. शुगरवाल्या माणसाच्या पायाला कळत नाही, म्हणून तो चर्चला, पाहुण्यांकडे, सगळीकडे तसाच हिंडला. मोजा काढला तेव्हा अंगठ्याशी फोड फुटून काळं पडायला लागलं होतं. मी त्याला धरून धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की अंगठा काढावा लागेल, इन्सुलिन चुकवायचं नाही, आणि उशीर केला तर अंगठ्यावर भागणार नाही.

 रस्त्यात भाऊ म्हणाला, "आबांचंही असंच सांगितलं होतं." आबा म्हणजे आमचे वडील. त्यांचाही आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय असं कापत गेले होते, आणि शेवटी आम्ही त्यांना पांढऱ्या चादरीत घरी आणलं होतं. मी म्हटलं, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." तो म्हणाला, "पाय तोच आहे, बाई." 

ऑपरेशन नवीन वर्षात करायचं ठरलं. एक जानेवारीला सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज आनंदाने नुसता फुटत होता. भाऊला वर्षाचं वचन काय मिळालं असेल? देवाचे दूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू देणार नाहीत, त्या स्तोत्रातली ओळ. पायाचं वचन! त्या एवढ्या सुरळ्यांतून पायाचंच! गावातल्या चर्चच्या मंडळीने तर फटाके वाजवायचेच बाकी ठेवले. भाऊने ऑपरेशन रद्द केलं आणि इन्सुलिनही बंद केलं. अर्धा विश्वास ठेवला तर तो विश्वास कसला, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

सांगणारा तो तरुण पास्टर. बाहेरून आलेला, सेवेसाठी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत मोटारसायकलवर फिरणारा. लबाड असता तर बरं झालं असतं, मी त्याला हाकललं असतं. पण तो साधा, गोड बोलणारा, भाऊच्या पायाशी जमिनीवर बसून रडत प्रार्थना करणारा पोरगा होता. रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर एक वचन लिहून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवायचा. पुढचं-मागचं काही नाही, नुसती ओळ आणि गुलाब. मला तर त्या गुलाबांची धास्तीच बसली होती.

रविवारी दुपारी घरीच प्रार्थनासभा होती. वहिनीला भरीत आवडतं म्हणून डबा भरून मी बसने गेले. दारात एक कुत्रं बसलेलं. गावातलंच, पण आमच्या दाराशी कधी न बसणारं. अक्का तिच्या ओट्यावरून म्हणाली, "दोन दिवस व्हयनात, हटतच नहीं." आणि हळूच, "भाऊना पायले वास येस वं माय." आत गेले तर उदबत्ती लावलेली. आमच्या घरात उदबत्ती कधी लागली नव्हती. वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही.

भाऊ खाटेवर बसला होता. पाय उशीवर, पट्टी पिवळी झालेली. पास्टरने त्याच्या कपाळाला तेल लावलं, लोकांनी आमेन म्हटलं, आणि मला काही राहवेना. मी म्हटलं, "पास्टर, एक प्रश्न आहे. ठेच लागू देणार नाहीत, ही ओळ शुभवर्तमानात परत येते. तिथे कोण, कोणास म्हणतं?"

 त्याला माहीत होतं, हे मी त्याच्या तोंडावरून ओळखलं. सगळ्या घराला माहीत होतं, पण कुणी तसं वाचलं नव्हतं.

"सांगा ना," मी म्हटलं. "नाही तर मी सांगते. सैतान म्हणतो, प्रभूला म्हणतो. देवळाच्या शिखरावर नेऊन उभं करतो आणि म्हणतो, मार उडी, तुझ्या पायाला लागणार नाही, असं शास्त्रातच लिहिलंय. आणि स्तोत्रातली पुढची ओळ तो गाळतो, कारण पुढच्या ओळीत सापाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, आणि साप म्हणजे तो स्वतःच. स्वतःचं डोकं त्याने शिताफीने वाचवलं!"

कुणीतरी फिसकन हसलं. पास्टर हसला नाही. शांतपणे म्हणाला, "मावशी, सैतानाने उच्चारलं म्हणून देवाचं वचन खोटं होतं का?"

"खोटं नाही होत. पण प्रभूने उत्तर काय दिलं? देवाची परीक्षा बघू नकोस. वचन खरं होतं, तरी उडी मारली नाही त्याने. इन्सुलिन बंद करणं ही उडी आहे."

मग त्याने एकेक ओळ काढायला सुरुवात केली. आजाऱ्याने चर्चच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावावं, विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास. मागा म्हणजे मिळेल. अंताक्षरी चालली होती नुसती! लोक प्रत्येक ओळीला माना डोलवत होते. माझं डोकं फिरलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मीही एक फेकली. "निरोग्यांना वैद्याची गरज नसते, आजाऱ्यांना असते, हे प्रभूनेच म्हटलंय!"

पास्टरने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. "मावशी," तो म्हणाला, "हे ते कोणास म्हणाले? जकातदारांबरोबर जेवायला बसले म्हणून टीका करणाऱ्यांना ना? तिथे ते दवाखान्याबद्दल बोलत होते का?"

माझाच प्रश्न, माझ्याच तोंडावर.  खोलीतला प्रत्येक माणूस आता त्याच्याकडे झुकला होता, आणि भाऊच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. त्याची सुटका झाली होती. मी हरावं अशीच त्याची इच्छा होती. डोळे मिटून तो म्हणाला, "राहू दे बाई. तुला वाद जिंकायचाय, मला पाय वाचवायचाय."

"अरे, मलाही तेच वाचवायचंय ना!" मी ओरडले. "वास येतोय भाऊ! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

 वहिनीने उदबत्तीची राख झटकली.

परतीच्या बसमध्ये, सोनगीर मागे पडलं तेव्हा, मला आठवलं काय म्हणायला हवं होतं ते. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेल्या त्या वाटसरूची, प्रभूने सांगितलेली गोष्ट. त्याच्या जखमांवर शोमरोनी, म्हणजे परक्या जातीच्या, माणसाने तेल ओतलं, पट्ट्या बांधल्या, पण तेवढ्यावर सोडून दिलं नाही. उचलून धर्मशाळेत नेलं, शुश्रूषा केली, खर्च केला. त्या काळी तेल हेच औषध होतं! तेल आणि दवाखाना यांचं भांडण नव्हतंच मुळी. मी बसमध्ये एकटीच मांडीवर हात मारत बसले. शेजारची बाई सरकून बसली.

घरी आल्या आल्या फोन केला. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झोपलेत." त्यानंतर मी फोन करायची तेव्हा ते झोपलेलेच असायचे. दोनदा जाऊन आले. एकदा दाराला आतून कडी होती, आणि आत माणसं असल्याचं मला कळत होतं. कुत्रं मात्र दाराशी होतं.

शेवटी फोन आला तो अक्काचा. तिने कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही, मुलाला गाडी काढायला लावली आणि भाऊला तिच्यात घालून, वहिनीला बरोबर घेऊन धुळ्याला निघाली. मी दवाखान्याच्या दारात उभीच होते. भाऊ तापाने फणफणलेला, शुद्धीत-बेशुद्धीत. अक्का मला बघून रडायला लागली. "देव कौल देस," ती म्हणत होती, "पन दवाखाना बंद कर असं सांगस का वं, माय?"

नर्सने पट्टी सोडली. कापसाच्या आतल्या घडीत, जखमेला चिकटलेली, एक बारीक सुरळी होती. पू आणि तेलाने भिजून तिचा लगदा झालेला, अक्षर एकही उरलेलं नव्हतं. नर्सने चिमट्याने ती उचलली आणि विचारलं, "हे काय आहे?" वहिनी भिंतीला टेकली होती. ती म्हणाली, "ते पायाचं वचन आहे." मग एकदम खाली बसली आणि बोलत सुटली. नवीन वर्षाच्या सकाळी भाऊने एक सुरळी उचलली होती, वाचून ठेवून दिली होती. मग दुसरी. मग आणखी. प्रार्थना संपून चहा गार होईपर्यंत तो एकेक सुरळी उलगडत बसला होता, पायाची सापडेपर्यंत. वहिनी चुलीपाशी सगळं बघत होती. "मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "त्यांना किती भीती वाटत होती ते मला माहीत होतं. आबांना त्यांनीच उचलून घरी आणलं होतं ना."

म्हणजे वाद आमचा कधी शास्त्रावर नव्हताच. मी संदर्भ पुस्तकात शोधत होते. खरा संदर्भ त्या खाटेवर बसलेला होता, आबांची चादर डोळ्यांपुढे धरून. हे मला त्या रविवारी दिसलं असतं, तर मी सैतानाचं नाव काढलं नसतं. पायाशी बसले असते, त्या पोरासारखी, आणि म्हटलं असतं की भाऊ, मी आहे, मी ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहते.

डॉक्टरांनी मांडीपासून पाय काढला. पण विष वर गेलं होतं. पाय गेला आणि पायामागे भाऊही गेला. दफनाच्या वेळी पास्टरने तेच स्तोत्र वाचलं, या वेळी सगळं वाचलं, आणि त्या ओळीवर त्याचा आवाज गेला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. त्याच्या गुलाबांची चित्रं अजून सकाळी येतात. गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या आजाराविषयीचं वचन होतं. त्याखाली कितीतरी लोकांनी आमेन लिहिलं होतं.

भाऊ माझ्याशी शेवटचं बोलला ते ऑपरेशनला नेताना. ट्रॉली दाराशी थांबली होती. औषधाने जरा ताप उतरला होता, डोळे स्वच्छ होते. मला जवळ बोलावून म्हणाला, "बाई, ते परत सांग. शिखरावरचं."

मी म्हटलं, "आता नको भाऊ. बरा होऊन ये, मग वाचू."

"सांग ना. ती ओळ ऐकून प्रभूने उडी मारली?"

"नाही मारली."

त्याने पायाकडे बघितलं. चादरीखाली तो अजून होता.

"मी मारली," तो म्हणाला, आणि ट्रॉली आत गेली.