मुलीच्या खोलीचे पडदे

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला मलकपेठचं भाड्याचं घर आठवतं. सुलतान बाजारातून आणलेल्या पिवळ्या कापडाचे पडदे मी मुलीच्या खोलीसाठी शिवत होते, आणि चार वर्षांची ती मशीनपाशी बसून बाहुलीला चिंध्या गुंडाळत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “मी सिकंदराबादला खोली घेतली आहे.” मी म्हटलं, “एका खोलीत आपण तिघं कसे मावणार?” तो मान खाली घालून म्हणाला, “माझ्या एकट्यापुरती आहे.” मी उरलेली शिवण तेवढी पुरी केली. मुलगी आता कॉलेजात जाते. “तू पप्पांना थांबवलं का नाहीस?” असं ती विचारते. थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता, असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.