पथ्याच्या भाजीतला कूट

भूकंपानंतर नव्या गावठाणात घरं बांधायचं काम निघालं, तेव्हा हे गवंडी म्हणून तिकडं राबले. ते काम सरल्यावर आम्ही रेणापूरहून लातुरात आलो. क्लासला येणाऱ्या पोरांसाठी जिकडंतिकडं खोल्या बांधणं चाललं होतं. ह्यांना काम मिळालं, मी क्लासच्या मुलींचे डबे करू लागले.

एका दुपारी हे कामावरून पोट धरूनच घरी आले. कळ पोटातून पाठीत निघायची. गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसलं की जरा सोसवायची. डॉक्टरांनी स्वादुपिंडाला सूज आहे म्हणून सांगितलं आणि आधी एकच विचारलं, पितात का? ह्यांनी दारूला कधी हात लावला नव्हता, तंबाखू मात्र होती. पण गावात कोण ऐकतंय. मोठ्या जाऊबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "गपचूप पीत असतील गं. तुला काय कळतंय?"

डॉक्टर धाकट्या दिरांशी बोलायचे. मी दाराशी पदर धरून उभी. तेल, तूप, तळलेलं बंद, एवढं ऐकलं आणि घरी येऊन तेलाची बरणीच माळ्यावर ठेवली. मुलींच्या डब्यांचं तेल आणि स्वयंपाक वेगळा, ह्यांचा वेगळा. पण बिनफोडणीची भाजी ह्यांच्या घशाखाली उतरेना. वजन घटलं, पँटला सुतळी बांधायची पाळी आली. अंगात ताकद यावी म्हणून मी प्रत्येक भाजीत मूठभर शेंगदाण्याचा कूट घालू लागले. कंधारच्या एका वैद्यांचं चूर्णही चालू होतं, ते तुपात कालवून चाटवायचं. ते औषध, म्हणून ते तूप मी तुपात धरलंच नाही.

दुखणं पुन्हा उठलं. महिन्याभरानं तिसऱ्यांदा. डॉक्टर रागावले, दीर शपथेवर सांगायचे, "साहेब, दादाच्या जेवणाला तेलाची बरणी उघडली न्हाई." ते खरंच होतं. असंच चाललं तर हा माणूस हातचा जाईल, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या खेपेला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं आहार सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

दीर म्हणाले, "आमची वहिनी."

"मग भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा. ताई, सकाळी चूल पेटवल्यापासून सांगा."

मी खाली बघून सांगत गेले. कुटाचा विषय आला तशी त्यांनी किती म्हणून विचारलं. मी मूठ दाखवली.

"ताई, शेंगा घाण्यावर नेल्या की काय निघतं?"

दर साली आमच्याच शेंगांचं तेल काढून आणणारी मी! मी पदर डोळ्यांना लावला. त्या मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रडायचं नंतर. आता ऐका."

मी ऐकलं आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या अक्षरात लिहून घेतलं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. मुगाचं पातळ वरण, मऊ भात, दुधी, साय काढलेल्या दुधाचं दही, अंड्याचा पांढरा भाग. पचनाची गोळी पहिल्या घासाबरोबर, जेवण झाल्यावर नाही. हळद चालेल. चूर्णात काय आहे ते डॉक्टरांना कळेपर्यंत बंद. तंबाखू कायमची बंद.

घरी हे कुरकुरले, "हे जेवण हाय का दवाखाना?"

"घरातच दवाखाना हाय, तर नांदेडला जायचं काम न्हाई. उठा, हात धुवा."

आपण असं बोललो ह्याचं माझं मलाच नवल वाटलं.

पुढं येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या आली. सगळं घर शेतात जेवायला. मी ह्यांचा डबा वेगळा नेला. जाऊबाईंनी भज्जीची पळी ह्यांच्या पानाकडं नेली. येळवसची ती पालेभाज्या नि ओल्या दाण्यांची पातळ भाजी, तीत शेंगदाणे, वर तेलाचा तवंग. "येळवसला कसलं आलंय पथ्य? एका दिसानं काय मरत न्हाई माणूस."

मी ह्यांच्या पानावर हात आडवा धरला. भज्जी माझ्या मनगटावर सांडली, चटका बसला. "न्हाई, जाऊबाई. ह्यांच्या पानात मीच वाढणार."

मामंजींसमोर मी कधी आवाज काढला नव्हता. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. मग जाऊबाईंना म्हणाले, "पळी ठेव खाली. तिला वाढू दे."

ह्यांनी मुगाचा वरण-भात खाल्ला, वर ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबील प्यायलं. पुन्हा भांडं पुढं केलं तर मी म्हणाले, "दोन तासांनी."

"लई सासुरवास हाय बाबा," हे मामंजींना म्हणाले, तसे सगळेच हसले. जाऊबाई सोडून.

दिवस कलताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परतलो. रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक हिसक्याला मी ह्यांच्या हाताकडं बघत होते, पोटाकडं जातोय का म्हणून. गाव येईपर्यंत तो हात कठड्यावरच होता.