बोंब

माझा आवाज मोठा आहे. शारजाच्या वेशीवर, अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगीत मी सतराव्या मजल्यावरून "यल्ला, जेवायला" अशी हाक दिली की रस्त्यापलीकडे दुबईतली माणसं हात धुऊन पानावर बसतात. घराणंच तसलं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात आजा खाडीच्या अल्याडून हाक मारायचा आणि पल्याडची होडी आपोआप इकडे निघायची. हे मी पाहिलेलं नाही, पण आमच्यात कुणी खोटं बोलत नाही.

त्या दिवशी शाळेतून फोन आला. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "आपकी बेटी ने बॉम्ब की धमकी दी है. पुलिस को बुलाया है. तुरंत आइए."

माझी मुलगी आठवीत. घरात झुरळ मारायचं झालं तरी मला हाक मारते.

शाळा तशी जवळ, पण शारजाचे सगळे सिग्नल त्या दिवशी मला बघून लाल झाले. एका सिग्नलला तिचं शाळेतून नाव कमी झालं, दुसऱ्याला आमचा व्हिसा गेला, तिसऱ्याला आम्ही गावच्या एसटी स्टँडवर बॅगांवर बसलो होतो आणि लोक विचारत होते, "काय, कायमचे आलात?"

ऑफिसात पोरगी खुर्चीत बसलेली, उजव्या हाताने डावा दंड धरून. दाराशी सिक्युरिटीवाला, फडताळाएवढा. मॅडमनी हकीकत सांगितली. ही वर्गात बाक वाजवत होती. टीचरने बाहेर जा म्हटलं, तर म्हणाली सगळेच वाजवत होते, मी एकटीच का? आणि जागची हलेना. म्हणून सिक्युरिटीला बोलावलं. तो तिला बाहेर काढत असताना ही ओरडली, बॉम्ब मारूंगी.

"नेमकं काय म्हणालीस?" मी विचारलं.

माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "हात सोडा, नाहीतर बोंब मारीन."

मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आणि नेमकी त्याच वेळी पोलीसबाई आत आली. तिने इंग्रजीत विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे?

माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. दर सुट्टीत गावी माझी आई नातींना बजावते, कुणी हात धरला तर लाजायचं नाही, बोंब मारायची. हे मी कसंबसं सांगितलं. पण बोंब म्हणजे काय? शब्द सुचेना. म्हटलं, "मॅडम, इट इज लाइक... माऊथ बॉम्ब."

"अब्बा," पोरगी म्हणाली, "प्लीज स्टॉप एक्सप्लेनिंग."

मग उरला एकच उपाय. शेजारच्या वाडीतल्या शिमग्यात पोरं मारायची तशी, तोंडावर पालथी मूठ आपटत मी बोंब मारली. तीन वर्ग रिकामे झाले. कॅन्टीनवाल्याने गॅस बंद केला. मॅडमच्या टेबलाची काच तेव्हापासून तडकलेली आहे, असं मी सांगतो.

पोलीसबाई हसली नाही. म्हणाली, "म्हणजे हे मदतीसाठी ओरडणं."

"येस."

"मग हिला शाळेत मदत कशाला लागली?"

ती सिक्युरिटीवाल्याकडे वळली. "कसं धरलं होतंस? दाखव." तो पुढे झाला तशी पोरगी खुर्चीसकट मागे सरकली. मी माझा हात पुढे केला.

त्याने दंड धरला, अंगठा आत रुतवला आणि हात पाठीमागे पिरगाळून वर नेला. रागाने नव्हे. विचारलं ते इमानदारीने दाखवत होता. इथे मी काही वाढवून सांगत नाही. मी नव्वद किलोचा माणूस, पायाच्या चवड्यांवर उभा राहिलो आणि तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

"खलास. सोड त्याला," पोलीसबाई म्हणाली.

मग तिने मॅडमना शांतपणे सांगितलं, धमकी वगैरे काही नाही, पोरीवर कसलीही तक्रार होणार नाही. आणि बाक वाजवणाऱ्या मुलीला असं धरायचं नाही, यापुढे हा माणूस वर्गात जाणार नाही. मॅडम "येस, येस" म्हणत राहिल्या. पोलीसबाई गेली. नाव शाळेत राहिलं, आम्ही देशात राहिलो.

मॅडमनी कागद सारखे केले. "ठीक है. लेकिन ये वर्ड स्कूल में नहीं चलेगा."

"मग कुणी हात धरला तर हिने काय करायचं?"

मॅडमनी सारखे केलेले कागद पुन्हा सारखे केले. मी दंड चोळत उभा.

"इट्स ओके, अब्बा," पोरगी उठत म्हणाली. "आय विल से एक्सक्यूज मी."

तिने दप्तर उजव्या खांद्यावर घेतलं आणि डावा हात अंगाशी धरून वर्गाकडे निघाली.