गोचीड चावली होती का?

बायको वारली तेव्हा लग्नसराईतले अकरा ब्लाउज शिवायचे राहिले होते. जलदान विधी झाला, पाहुणे गेले आणि दुसऱ्या सकाळी मी दुकान उघडून मशीनवर बसलो. हुक लावले, काज केले, इस्त्री फिरवली. कपडे न्यायला आलेल्या बाया दारातच थबकायच्या. एकीनं विचारलं, "भाऊ, एवढ्यात काऊन बसले जी कामावर?"

मी म्हटलं, "तुमच्या पुतणीचं लग्न परवा आहे ना."

मला खरंच एवढंच सुचलं होतं.

माझं दुकान आमगावला आहे. बायकोचं माहेर सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. दर मे महिन्यात ती आठ-दहा दिवस आईकडे जायची, तेंदूपत्ता तोडायला. गरज होती म्हणून नाही. पहाटे आईबरोबर आणि लहानपणीच्या मैत्रिणींबरोबर जंगलात शिरायचं, दुपारी अंगणात बसून पानांचे पुडे बांधायचे, हे तिला आवडायचं. परत यायची ती काळवंडून, हातांना पानांचा वास घेऊन.

त्या वर्षी ती परत आली आणि चार दिवसांनी तापली. डोकं असं दुखायचं की उजेड नको म्हणायची. जवळच्या दवाखान्यात टायफॉइड असावा म्हणाले, सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके आले. मग तळहातांवर, तळपायांवरही. मला वाटलं घामोळ्या. तळहाताला घामोळ्या येत नाहीत हे मला चाळिशी उलटून गेल्यावरही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा गाडी करून गोंदियाला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे तळहात उघडून पाहिले आणि मला विचारलं, "जंगलात गेल्या होत्या का?"

"हो."

"गोचीड चावली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. पण माणूस घाबरला की नाही म्हणून मोकळा होतो. बाईंनी माझ्या नाहीवर विसंबून न राहता औषध सुरू केलं. पण तोवर किडन्यांनी काम थांबवत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. खाली रस्त्यावर एक ऑटोवाला "स्टेशन, स्टेशन" ओरडत होता, आणि मी त्याच्या हाका मोजत होतो, हे मला आठवतं.

जलदान विधीच्या दिवशी सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. बायकोच्या आजारपणात त्यांना गावाहून निघता आलं नव्हतं. बातमी कळली आणि त्या सरळ अंत्ययात्रेलाच पोचल्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टरनं काय इचारलं, जवाई?"

मी जे झालं ते सांगितलं. मामींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मीच काढली होती. कानामागून. येवढी फुगली होती. नखानं चिरडली अन् फेकली. तिले म्हटलं, गाईची चढली असन."

त्या रडल्या नाहीत. कुणीतरी चहा आणून ठेवला, आम्ही तो प्यायलो.

कागदपत्रांसाठी मला परत गोंदियाला जावं लागलं, तेव्हा मी त्या डॉक्टरीणबाईंना मामींचं बोलणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खात्रीची तपासणी करायला वेळच मिळाला नाही. पण पुरळ बघून मला गोचीडतापच वाटला होता. सुरुवातीलाच कळलं तर बहुतेक वेळा साध्या गोळ्यांनी बरा होतो. अडचण हीच की लोक सांगत नाहीत. ताप आला तर सांगतात, गोचीड चावली ते सांगत नाहीत."

गोचीड ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट असते? आमच्याकडे काटा रुतावा तशी ती लागते. काढायची, फेकायची.

त्यांनी मला एक कागद लिहून दिला. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची. चिरडायची नाही. रॉकेल, चुना, विस्तव काही लावायचं नाही. जागा साबणानं धुवायची. आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर कुणी विचारायची वाट न पाहता सांगायचं.

मामी महिनाभर माझ्याकडेच राहिल्या. स्वयंपाक करायच्या, मी जेवायचो. आमचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं. एके दिवशी त्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या आणि अस्तराच्या ठाणाला हात लावून म्हणाल्या, "हा पांढरा कपडा कायले लागते?"

"अस्तराला."

"याच्यावर गोचिडी दिसन. काया-निळ्या लुगड्यावर दिसत नाही ना. पायाले बांधाले शिवून द्या."

मी शिवलं. गुडघ्यापासून पावलापर्यंत नळीसारखं, खाली इलॅस्टिक, वर नाडी. पहिल्या जोडाचं माप बसलं नाही; पोटरी जास्त घट्ट झाली. मामींनी घालून पाहिलं, चार पावलं टाकली आणि म्हणाल्या, "बसाले नाही जमत." मग मी गुडघ्याखाली चुणी दिली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा हेच काम करत बसायचो. पुण्य म्हणून नाही, आठवण म्हणूनही नाही. हात चालत राहायचे, एवढंच.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं गाठोडं घेऊन मामींच्या गावी गेलो. तेंदूपत्ता जिथं मोजून घेतात त्या मैदानाला आमच्याकडे फळी म्हणतात. संध्याकाळी तिथं सगळं गाव जमतं. मी तो कागद वाचायला सुरुवात केली. माझा आवाज मशीनवर बसून बसून बसका झालेला, आणि कागदातली भाषा शाळेतली. बाया पुडे रचण्यात गुंतल्या होत्या. मामींच्या पायांतले पांढरे जोड बघून दोघी-तिघी हसल्या. "शाळेतल्या पोरीवानी दिसू ना बाई!" एक गोंड म्हातारबाबा, जंगलखात्यात मजुरी करून जन्म गेलेले, शांतपणे म्हणाले, "गोचिडी आमच्या आज्याच्या आधीपासून हाय. आमी मेलो का?"

मामींनी माझ्या हातातला कागद बाजूला केला.

"माही पोरगी मेली," त्या म्हणाल्या. "तुमी सगळे तिले ओळखत होते. माह्या हातानं काढली मी गोचिडी, अन् सांगतलं नाही कोनाले. मले माहीत नव्हतं. आता तुमाले माहीत हाय. उद्या तुमच्या घरी झालं तं माहीत नव्हतं म्हनता येनार नाही."

म्हातारबाबांनी मान खाली घातली. हसणं थांबलं. पण त्या संध्याकाळी कुणी एकही जोड नेला नाही. गाठोडं मामींच्या घरी ठेवून आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवसापासून बाया एकेक करून अंगणात आल्या, कुणाला दिसू नये अशा, आणि पदराखाली धरून घेऊन गेल्या. नंतर कळलं, एकीनं त्यातून ताक गाळलं. मामी चिडल्या. मला काही वाटलं नाही.

त्या हंगामात आम्ही आसपासच्या सात-आठ गावांत गेलो. कधी विहारात, कधी ग्रामपंचायतीसमोर, कधी नुसतं हातपंपाजवळ. मी जोड दाखवायचो, मामी बोलायच्या. रोज तेच वाक्य: माही पोरगी मेली. ऐकून ऐकून माझ्यासाठी ते बसच्या वेळापत्रकासारखं झालं. एकदा परतताना मी विचारलं, "मामी, रोज रोज बोलता, तुम्हाला काही होत नाही?"

"होत होतं," त्या म्हणाल्या. "आता तोंड बोलते. मी ऐकून राहते."

जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत, एक बाई मामींबरोबर दुकानात आली. बाजूच्याच गावची. जंगलातून आल्यावर तिला ताप भरला, तसं तिच्या नवऱ्यानं आरोग्य केंद्राच्या दारातूनच सांगितलं, "साहेब, हिले गोचिडी चावली होती, सहा दिवस झाले." औषध लगेच सुरू झालं. चौथ्या दिवशी ती उठून बसली.

"मामीनं वाचवलं मले," ती म्हणाली. मामी स्टुलावर बसून रडायला लागल्या. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहत होतो. त्या बाईनं मला आपले तळहात दाखवले. ठिपके मावळत आले होते, तपकिरी डाग राहिले होते. मी ते हात जरा जास्तच वेळ बघितले असावेत, कारण तिनं ते हळूच मागे घेतले. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात शोधला तो. मग तिला विचारलं, "ब्लाउजचं माप देता का?" तिनं दिलं.

आता तीन हंगाम झाले. जोड बाया स्वतःच शिवतात, जुन्या धोतरांचे. आरोग्य केंद्राच्या आशाताई मामींना बैठकीला बोलावतात. फळीवर भोंग्यातून सूचना देतात. मामी थकल्या आहेत, पण एसटीनं एकट्या फिरतात.

यंदा जेठात इटियाडोह धरणाच्या बाजूच्या एका गावाहून निरोप आला. एक तरुण बाई गेली होती, ताप येऊन. ठिपके होते. तिथं आम्ही कधी गेलो नव्हतो. मामी म्हणाल्या, "जाऊ." जाऊन काय करायचं, हे मी विचारलं नाही.

घर कौलारू होतं. नवरा तिशीतला, दाढी वाढलेली. बाया मामींभोवती बसल्या. तो आणि मी ओट्यावर. समोर नांगरलेलं रान होतं. मामींचा आवाज आतून येत होता: माही पोरगी मेली, चिमट्यानं धरायची, चिरडायची नाही. त्याच्या बहिणीनं दोन ताटं आणून ठेवली, भात आणि पातळ वरण. तो ताटाकडे बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "तुमाले भूक कधी लागली परत?"

मी आठवून पाहिलं. मामींनी वाढलेली ताटं आठवली, भूक आठवली नाही.

"जेवून घे," मी म्हटलं. "भुकेची वाट पाहू नको."

त्यानं भात कालवला. मीही कालवला. आम्ही दोघं जेवलो.