शेवटचं अधिक

आत्याने तीस वर्षं सूतगिरणीत गठ्ठ्यांच्या वजनांच्या बेरजा केल्या, जुन्या बेरजेच्या मशीनवर. नजर कागदावर, बोटं बटणांवर. बटणं बघावी लागली तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. ती निवृत्त झाली तेव्हा मी तिला कॉम्प्युटरवर साधा कॅल्क्युलेटर करून दिला. "माउस नको, सगळं कीबोर्डवर चालतं," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

तिने चष्मा वर सारला, न बघता बारा आकडे धडाधड टाकले आणि एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं, 'चूक'.

"तीस वर्षांत मला कुणी चूक म्हटलं नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "हा तुझा खोका कोण लागून गेला?"

मी तिला तेच आकडे पुन्हा टाकायला लावले. मग लक्षात आलं. तिच्या मशीनवर प्रत्येक आकड्यानंतर अधिक दाबायचं, अगदी शेवटच्याही. नाहीतर तो आकडा बेरजेत धरलाच जायचा नाही. माझा कॅल्क्युलेटर मात्र त्या अधिकनंतर पुढच्या आकड्याची वाट बघत बसला होता.

"सवय बदल ना, आत्या."

"तू बदल. तुझं वय आहे."

बदललं. शेवटी अधिक आलं तर गुपचूप गाळायचं, एवढी एकच ओळ. घरात तिची टकटक सुरू झाली.

आत्या जाऊन दोन वर्षं झाली. परवा एका सहकारिणीने माझा तो कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम तपासताना नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "शेवटी अधिक दाबतं कोण?"

"आता कोणी नाही," मी म्हटलं. "पण ओळ राहू दे."