शेळगावच्या डेअरीत गोठलेली कुपी

स्वारगेटहून बारामतीची सकाळची एसटी पकडली तेव्हा मी अगदी मजेत होते. खिडकी मिळाली, जेजुरीला गरम चहा मिळाला, मोरगावच्या पुढे माळरान संपून कालव्याचा हिरवा मुलूख सुरू झाला. तेवढंच सुख. पुढचा सगळा दिवस मी रागात काढला, आणि हे लिहितानाही तो राग पुरता गेलेला नाही.

मी पुण्यात जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम करते. शेळगावच्या तात्यांची एक कालवड (अजून न व्यालेली तरुण गाय) त्यांच्या मुलीच्या, सुनीताच्या, सासरी वडगाव निंबाळकरला जायची होती. मागच्या उन्हाळ्यात तात्यांची एक गाय गोचीडतापाने गेली. कालवड वरून ठणठणीत, पण रोग अंगात लपून असला तर गोचिडांमार्फत तो सुनीताच्या सासरच्या गोठ्यात शिरणार. म्हणून तपासणी होईपर्यंत तिला पाठवू नका, असं मीच सांगितलं होतं.

तपासणी तशी सोपी. रोग होऊन गेला असेल तर गाईच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात. रोगजंतू असलेल्या काचपट्टीवर त्या रक्तातून वेगळं केलेलं रक्तजल टाकलं की ती जंतूंना जाऊन चिकटतात. पण ती दिसत नाहीत. मग दुसरं प्रतिपिंड टाकायचं. ते गाईच्या प्रतिपिंडाला बिलगतं आणि त्याच्या अंगावर चमकणारा रंग असतो. पहिलं चोराला धरतं, दुसरं त्या दोघांवर बॅटरी मारतं. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकलं की रोग अंगात शिरलेला आहे, असं समजायचं. या दुसऱ्या प्रतिपिंडाची एवढीशी कुपी परदेशातून यायला महिने लागतात. ती फ्रीजमध्ये ठेवायची, पण गोठवायची नाही. गोठवली की कारभार आटोपला.

कुपी बारामती एमआयडीसीतल्या आमच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत येणार होती, तपासणीही तिथेच व्हायची होती. मोटरसायकलींच्या गर्दीतून वाट काढत तिथे पोचले, तर तिथला शिपाई म्हणाला, "पार्सल? त्ये तर शेळगावला गेलं की. पत्ताच तसा हुता."

आमच्या साहेबांनी पत्त्याच्या जागी कालवडीचंच गाव लिहिलं होतं! डोकंच फिरलं. इंदापूरच्या वाटेची जीप धरली. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर कानठळ्या बसवणारी गाणी, आणि आमचा ड्रायव्हर त्याच्यामागे निवांत. मी त्याच्यावरही ओरडले. तो म्हणाला, "ताई, ऊस कुणाला वाट देतो व्हय?"

शेळगावात पार्सल घरी जात नाही, डेअरीवर जातं, कारण दोन्ही वेळेला दूध घालायला सगळं गाव तिथेच येतं. तिथे आबा भेटले. गाईंना कृत्रिम रेतन करणारे, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर समाधान.

"काळजी करू नगा, मॅडम. खोक्यावर थंड ठिवा असं लिवल्यालं. मी समद्यात थंड जागंत ठिवलंय."

आबांनी ॲल्युमिनियमच्या मोठ्या कॅनचं झाकण काढलं. पांढरी वाफ जमिनीवर सांडली. द्रवरूप नायट्रोजन! वळूच्या रेताच्या कांड्या (बारीक नळ्या) ज्यात वर्षानुवर्षं टिकतात, त्यातच त्यांनी माझी कुपी सोडली होती. या भागात नळीत भरून आलेली मोलाची वस्तू तिथेच जाते. फ्रीजमध्ये कोण ठेवणार, त्यात तर ताक असतं! चिमट्याने कुपी वर आली, तिला उभी चीर गेलेली होती.

"गोठवू नका, हेही लिहिलं होतं ना, आबा!"

"त्ये लई बारीक हुतं," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र दया आली नाही. मी अद्वातद्वा बोलले.

आबा आणि मी तात्यांच्या गोठ्यावर गेलो, तर आज निकाल कळणार म्हणून दारात वडगावचा टेम्पो उभा, कालवड आत चढवलेली, कपाळाला कुंकू. सुनीता तिच्या गळ्याशी उभी होती. वासरू असल्यापासून तिनेच तिला वाढवलं होतं. सुनीताच्या आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. तपासणी होणार नाही, एवढंच मी सांगितलं.

"मंग नेऊ द्या की," तात्या म्हणाले. "जनावर चांगलं हाय. सोयरं वाट बघत्यात."

"उतरवा हिला," सुनीता म्हणाली.

"अगं, सासू काय म्हणंल?"

"म्हणू द्या. त्यांच्या दावणीच्या गाया मेल्यावर काय म्हणत्याल?" मग ती माझ्याकडे वळली. "तुमी सांगितलं म्हणून आमी दोनदा टेम्पो माघारी लावला. आजबी तुमाला कळंना. आता सासरी मी काय सांगू?"

आबांनीच पुढे होऊन कालवड खाली उतरवली. सुनीता ड्रायव्हरशेजारी बसली आणि मागचा हौदा मोकळाच घेऊन टेम्पो वडगावकडे गेला.

परतीच्या एसटीत साहेबांचा फोन आला. "अहो, दुसरी कुपी मागवू. एका कालवडीचं काय एवढं?"

माहेराहून मोकळा टेम्पो आला की सासरी त्याचे काय अर्थ निघतात, हे साहेबांना माहीत नसेल असं नाही. ते ऐकायला त्यांना जावं लागत नाही, एवढंच. मी म्हटलं, "साहेब, सुनीता आत्ता वडगावच्या दारात उतरत असेल. मी तिला फोन लावते. जे मला म्हणालात, ते तिच्या सासूला सांगा."

फोन बंद झाला. पलीकडून त्यांनीच बंद केला होता.